सकाळची थरथर: जुन्या एमपीएफआय गाड्यांच्या थंड आयडलिंगचा तपास

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या एखाद्या गॅरेजात जी मुले नव्याने कामाला लागतात, त्यांना पहिल्याच थंडीत सर्वाधिक चकवणारी तक्रार म्हणजे सकाळी सुरू केल्यावर थरथरणारी, मिस मारणारी (ठोके चुकवणारी) आणि रेस सोडताच बंद पडणारी जुनी पेट्रोल गाडी. 2000 सालाच्या मागेपुढे आलेल्या एस्टीम, झेन, सँट्रो, होंडा सिटी या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या आपल्या सीमाभागात केए-22 आणि एमएच-09 अशा दोन्ही पाट्यांवर अजून फिरताना दिसतात, आणि त्यांचे मालक बहुधा त्या गाडीवर जीव असलेले लोक असतात. या गाड्यांना कार्बोरेटरसारखा ओढायचा चोक नाही, आणि आजच्यासारखे कोणत्याही स्कॅनरला सरसकट उत्तर देणारे सॉकेटही बहुतेकांना नाही, कारण भारतात ओबीडी-2 ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगण्याच्या ठरीव पद्धतीची, सक्ती 2013 पासूनची आहे. त्यामुळे येथे मल्टिमीटर, व्हॅक्युम गेज, फ्युएल प्रेशर गेज आणि विचारांचा क्रम एवढ्यावरच काम भागवावे लागते.

या कामात माझे एक मत पक्के झाले आहे, आणि नवख्याने तेच सर्वांत आधी अंगी बाणवावे असे मला वाटते: थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनावरच तपासला पाहिजे, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा पहिला स्टार्ट ही दिवसाकाठी मिळणारी एकमेव संधी असते. लोंढ्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी आपली जुनी सेडान आणली तेव्हा त्यांची तक्रार अशी होती: “सकाळी नुसती थरथरत्या बघा, नि गुंजी आली की गप् होत्या.” गुंजी हे वाटेतले गाव. लोंढ्याहून बेळगावला येईपर्यंत पन्नासएक किलोमीटरचे अंतर पडते, म्हणजे गाडी गॅरेजच्या दारात आली तेव्हा इंजिन पुरते तापलेले होते आणि आयडलिंग (रेस न देता इंजिनाचे चालणे) घड्याळासारखे चालले होते. अशा वेळी गाडीत काही दोष नाही असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच अंदाजाने सेन्सर बदलत सुटणेही चुकीचे. ग्राहकाला नीट समजावून गाडी रात्री ठेवून घ्यावी, सकाळी आपण स्वतः लवकर यावे आणि आपण येण्यापूर्वी कोणीही, अगदी गाडी बाजूला सरकवण्यासाठीसुद्धा, ती सुरू करू नये अशी ताकीद हेल्परला द्यावी. ही शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण सकाळी झाडलोट करताना कोणीतरी गाडी सुरू करून दोन हात मागे घेतली की तपास दुसऱ्या दिवसावर जातो.

थंड इंजिनात नेमके काय घडते हे कळल्याशिवाय हाताला दिशा मिळत नाही. गार इनटेक पोर्टमध्ये फवारलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग वाफ न होता भिंतीला चिकटून राहतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, कूलंट टेम्परेचर सेन्सरचे ऐकून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. त्याच वेळी आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा काही गाड्यांत मेणाच्या गोळीवर चालणारा फास्ट आयडल व्हॉल्व्ह थ्रॉटलला वळसा घालून जास्त हवा आत सोडतो, आणि त्यामुळे सुरुवातीला 1200 ते 1500 असणारे आरपीएम इंजिन तापत जाईल तसे 800 ते 900 वर उतरते. ऑक्सिजन सेन्सर साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय बोलू लागत नाही, म्हणून पहिली काही मिनिटे ईसीयू केवळ ठरलेल्या तक्त्यावर चालतो आणि स्वतःची चूक सुधारू शकत नाही. गरम इंजिनावर जी छोटी हवागळती किंवा जो थोडासा मळलेला इंजेक्टर ईसीयू निमूटपणे सांभाळून घेतो, तोच दोष थंड असताना उघडा पडतो तो यामुळे.

म्हणून पहिल्या स्टार्टला बॉनेटमध्ये हात घालण्यापूर्वी फक्त आरपीएमकडे पाहावे आणि कान द्यावा. आरपीएम वर चढतच नसेल, म्हणजे थंड इंजिन 600–700 वर धापा टाकत असेल, आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरताच ते गुळगुळीत चालू लागत असेल, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत आहे: कार्बन साचलेली थ्रॉटल बॉडी, अडकलेला आयडल व्हॉल्व्ह किंवा त्याच्या वायरिंगमधला खंड. आरपीएम 1300 पर्यंत चढूनही इंजिन ठोके चुकवत असेल, तर हवा मिळते आहे आणि मिश्रण किंवा ठिणगी बिघडली आहे. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते. थ्रॉटलचा आयडल स्क्रू फिरवून आरपीएम वाढवून देण्याची पद्धत मात्र मला मुळीच पसंत नाही; तिने सकाळची तक्रार झाकली जाते, दुपारी गाडी हजाराच्या वर गुरगुरत राहते आणि पुढच्या मिस्त्रीला मूळ सेटिंग कधीच सापडत नाही.

आता सेन्सर. बऱ्याच जुन्या गाड्यांत तापमानाचे दोन सेन्सर असतात: एका तारेचा डॅशबोर्डवरच्या काट्यासाठी आणि दोन तारांचा ईसीयूसाठी. नवखे मूल काटा बरोबर दिसतो म्हणून सेन्सर चांगला ठरवते, आणि तेथेच फसते. दोन तारांच्या सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर ओहमवर लावावा. 20 अंशांना साधारण दोन ते तीन किलोओहम आणि 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास अशी किंमत बहुतेक गाड्यांत मिळते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट 14–15 अंशांची असते, तेव्हा मीटरवर 800 ओहम दिसले तर ईसीयूला इंजिन सुमारे 50 अंशांवर आहे असे वाटते, तो पेट्रोल आखडतो आणि गाडी थरथरते. उलट, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढून रेझिस्टन्स वाढला असेल तर ईसीयूला इंजिन आहे त्याहून थंड भासते, पेट्रोल जास्त पडते आणि सायलेन्सरमधून काळा धूर व कच्च्या पेट्रोलचा वास येतो. खात्रीसाठी सेन्सर विकत आणण्यापूर्वी त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळणारा 2.7 किलोओहमचा रेझिस्टर कनेक्टरमध्ये तात्पुरता बसवून पहाटे गाडी सुरू करून पाहावी. सुधारली तर पैसे योग्य जागी खर्च होतील, न सुधारली तर वाचतील. मारुतीच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत डायग्नोसिस कपलरमध्ये जंपर (जोडतार) लावल्यावर चेक इंजिन दिवा उघडझाप करून कोड देतो: 12 म्हणजे दोष नोंदलेला नाही, 14 किंवा 15 म्हणजे कूलंट सेन्सरचे सर्किट. परंतु सर्किट तुटले किंवा शॉर्ट झाले तरच हा कोड उमटतो. सेन्सर चुकीचे पण शक्य कोटीतले तापमान सांगत असेल तर दिवा 12 च दाखवत राहतो, म्हणून कोड नाही याचा अर्थ सेन्सर चांगला असा घेऊ नये.

गुरुजींच्या गाडीत सेन्सर उत्तम निघाला. पहाटे तीन किलोओहमच्या जरा खाली, जसे असायला हवे तसेच. प्लग मात्र चारही काजळीने कोरडे काळे झालेले होते. गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला, तर इंजिन तापू लागण्याआधीपासूनच तो हळूहळू कोमट होत होता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो आणि मग थर्मोस्टॅट उघडताच थोड्या वेळात एकदम चटका देतो. हाऊसिंगचे दोन बोल्ट काढून पाहिले तेव्हा आत नुसते गॅस्केट होते. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची जुनी खोड आपल्याकडे अनेकांना आहे, आणि कार्बोरेटरच्या जमान्यात ती खपूनही जात असे. इंजेक्शनच्या गाडीत त्याचा परिणाम असा होतो की थंडीत, उतारावर आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही, ईसीयू वॉर्म-अपचे जादा पेट्रोल देत राहतो आणि प्लगवर काजळी बसते. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर गेल्यावरच ती काजळी जळून जाते. सकाळी विजेचा काही भाग या काजळीतून गळतो, ठिणगी कमकुवत पडते आणि गाडी मिस मारते. महामार्गावर भार पडून प्लग तापले की गाडी गप्प. कंपनीने दिलेल्या तापमानाचा, म्हणजे 82 अंशांच्या आसपास उघडणारा, थर्मोस्टॅट आणि नवे प्लग बसवल्यावर ती तक्रार मिटली. गाडी खरोखर तापत असेल तर रेडिएटर, फॅनचा स्विच आणि कूलंट पाहावे, थर्मोस्टॅटचा बळी देऊ नये.

हवागळतीविषयी एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवावी. मॅन्युअलमध्ये आयडलिंगचा व्हॅक्युम (इनटेक मॅनिफोल्डमधली हवेची ओढ) पाऱ्याचे 18 ते 21 इंच असा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा असतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरावा लागतो. बेळगाव सुमारे 750 मीटर, म्हणजे अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे तब्येतीने ठणठणीत इंजिनसुद्धा येथे 16 ते 18 इंच दाखवते. पणजीहून शिकून आलेला मुलगा ते पाहून मॅनिफोल्डचे गॅस्केट काढायला बसला तर त्यात नवल नाही. गळती शोधताना ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा) पाईप, इंजेक्टरच्या तळाच्या ओ-रिंगा आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट या क्रमाने जावे. थंड असताना हे रबर आखडलेले आणि कडक असते, तापल्यावर फुगून फट बुजते, म्हणून ही पाहणीही पहाटेच करावी. संशयित जागेवर साबणाचे पाणी हलके फवारले की गळती असल्यास आवाज क्षणभर बदलतो. कार्ब क्लीनरचा फवारा अधिक चटकन उत्तर देतो, पण सुटलेल्या प्लग वायरशेजारी तो मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. थंडीमुळे शटर बंद ठेवून इंजिन चालवण्याची सवयही सोडून द्यावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पेट्रोलच्या बाजूची पहिली चाचणी फुकट आहे. सेल्फ न मारता किल्ली दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करावी, पंपाचा दोन सेकंदांचा आवाज प्रत्येक वेळी ऐकावा आणि मग स्टार्ट करावे. एवढ्याने गाडी लगेच लागली तर रात्रभरात लाइनमधले प्रेशर उतरते आहे, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. गेजवर बहुतेक एमपीएफआय गाड्यांत रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाईप काढल्यावर 2.5 ते 3 बार आणि आयडलिंगला त्याहून सुमारे अर्धा बार कमी दिसतो. त्या पाईपमध्ये पेट्रोलचा ओलावा आढळला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, पुढे शोधण्याची गरज नाही. एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्महिने नीट वापरले जात नाहीत आणि चिकटतात. अशा गाडीवर इंजेक्टर साफ करून घेणे आधी, बाकी सगळे नंतर. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज 9.6 च्या खाली जात असेल तर तपास तेथेच थांबवून बॅटरी आणि अर्थिंग पाहावे.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात प्लग वायरींचा ओलावा हा स्वतंत्र विषय आहे. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणारी ठिणगी निळसर दिसते, त्याहून जास्त सांगण्यासारखे त्यात काही नाही. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची ठरलेली फट) आणि कम्प्रेशन मात्र प्लग काढले आहेत तोवरच तपासून घ्यावे.

आणखी एक कारण आता नव्याने पुढे आले आहे. चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडच्या ज्या उसावर आपला भाग जगतो, त्याच उसापासून होणारे इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेले पेट्रोल आता पंपावर मिळते. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि ते जळायला हवाही कमी लागते, म्हणजे तेवढ्याच फवाऱ्यात मिश्रण पातळ पडते. गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर हे भरून काढतो, पहाटे काढू शकत नाही. त्यामुळे जी जुनी गाडी पूर्वी काठावर पास होत होती, ती आता थरथरते. मालकाला पेट्रोलला दोष देऊन परत पाठवू नये. इंजेक्टर, प्लग, सेन्सर आणि होज निर्दोष केले की बहुतेक गाड्या सुधारतात, मात्र जुने रबरी फ्युएल होज इथेनॉलला टिकणारे घालून घ्यावेत.

क्वचित गोव्याकडून एखादी जुनी जर्मन गाडी येते, आणि तिच्यात 1973 साली आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिकच्या वंशातली यांत्रिक पद्धत असते. तेथे थंडीचे जादा पेट्रोल वेगळ्या कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हमधून येते, त्याला थर्मो-टाइम स्विच आवरतो, आणि त्यानंतरचे मिश्रण कंट्रोल प्रेशरवर ठरते: प्रेशर कमी तर मिश्रण घट्ट, तापताना प्रेशर वाढते तसे ते पातळ होते. हे प्रेशर मोजण्याचे गेज आणि त्या गाडीचा तक्ता हाताशी नसेल तर मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नये, ते काम जाणकाराकडे द्यावे.

एका पहाटे एकच गोष्ट बदलावी आणि तारीख, तापमान, आरपीएम, ओहम व प्रेशर वहीत लिहून ठेवावे. थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांचा ईसीयू आयडलिंग पुन्हा शिकण्यास वेळ घेतो, तोवर आरपीएम वरखाली होते, त्याने बिचकू नये. गाडी परत देताना मालकाला संध्याकाळी नव्हे, सकाळी बोलवावे, बॉनेट थंड आहे हे त्यांच्या हाताला दाखवावे आणि किल्ली त्यांनाच फिरवू द्यावी. तपासाचे पैसे सुट्या भागांच्या बिलापासून वेगळे, आधी सांगून घ्यावेत. दोन पहाटा घालवून शंभर रुपयांचे गॅस्केट बदलले असेल तर मजुरी त्या दोन पहाटांची असते, आणि वहीतले आकडे समोर ठेवले की ती देताना कुरकुर करणारा ग्राहक क्वचितच भेटतो.