जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे व्हॉल्व्ह : हेड उघडण्यापूर्वी

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचे भाग, वाजू लागले की गाडीचा मालक अस्वस्थ होतो. मात्र १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन असलेल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये खरी काळजी वाटायला हवी ती टॅपेट गप्प झाल्यावर. या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट (मिटलेला व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा) हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरील झाकणाच्या, बिडातच कापलेल्या असतात. पेट्रोलमधील शिशामुळे त्यांचे संरक्षण होत असे आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. त्यानंतर लांब पल्ल्याच्या, भरवेगाच्या प्रवासात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्याची दांडी वर सरकते, टॅपेटचा गॅप, म्हणजे ही दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांमधील फट, बुजतो आणि अखेरीस पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्ह जळतो.

म्हणून आधी गॅप तपासावा. इंजिन थंड असताना चारही प्लग काढावेत आणि हँडलने इंजिन फिरवावे. ज्या टॅपेटचा गॅप पाहायचा, त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा. येणाऱ्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना मोजमाप घ्यावे, म्हणजे आठवा उघडा असताना पहिला, सहावा उघडा असताना तिसरा. गॅप ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिमी असावा आणि फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) त्या जाडीची पट्टी किंचित अडखळत सरकावी. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर पट्टी त्यावरून सरळ जाते, गॅप बरोबर वाटतो आणि आवाज मात्र थांबत नाही. तेथे सेटिंग करत बसण्यात अर्थ नाही, रॉकरच दुरुस्त करावा किंवा बदलावा.

गॅप लावूनही इंजिन एका सिलिंडरवर मिसिंग करत (ठोके चुकवत) असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधील दाब, मोजावे. कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी दाखवत असतील तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हचे गाइड (दांडी ज्यांतून सरकते त्या नळ्या) आणि ऑइल सील पाहावेत.

हेड काढण्याची वेळ आलीच, तर रॉकर शाफ्टचे काही नट हेडही धरून ठेवतात हे विसरू नये. आधी रेडिएटरचे पाणी काढावे आणि मग सर्वच नट ठरलेल्या क्रमाने थोडेथोडे सैल करावेत. एरवी हेडला पीळ बसतो.

व्हॉल्व्ह आणि सीटवरील किरकोळ खड्डे ग्राइंडिंग पेस्टने घासून निघतात. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना फिरवत, मधूनमधून उचलून नव्या जागी टेकवत, सीटवर अखंड राखाडी कडे उमटेपर्यंत घासावे. त्यानंतर पेस्टचा कणही राहू न देता धुऊन, स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे आणि काही मिनिटांत खाली थेंब दिसतो का ते पाहावे. सीट खोल रुतली असेल तर घासण्याने ती आणखी खोलच जाते. अशा वेळी चांगल्या मशीन शॉपमधून एक्झॉस्टच्या चारही जागी कठीण पोलादी सीट बसवून घ्याव्यात. एकच बसवण्याची काटकसर माझ्या मते महाग पडते.