ऊसतोड टोळीतलं मूल वर्गात आलं की काय करायचं

दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळांत बीड, जालना, परभणीकडची मुलं येऊ लागतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. म्हणजे हाती जेमतेम पाच महिने, आणि त्यातला पहिला महिना कागदांत घालवला तर पुढचं शिकवणं नावापुरतंच उरतं.

म्हणून प्रवेश त्याच दिवशी द्या. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे: कलम 4नुसार मूल वयाला साजेशा वर्गात बसतं, कलम 5नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला अडवता येत नाही, आणि कलम 14नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. दाखला मागवण्याचं काम शाळेचं. पोषण आहारही पहिल्या दिवसापासून.

मुलं आपण होऊन येतील ही अपेक्षा ठेवू नका. आईबाप पहाटेच फडावर गेलेले असतात, तेव्हा टोळीच्या तळावर संध्याकाळी जा. मुकादमाला कळवा, पण बोलणं आईशी करा. बहुतेक ठिकाणी मोठी मुलगी पाठच्या भावंडाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थांबलेली असते. ‘ताई, धाकट्यालाही पाठवा, अंगणवाडीत बसवतो’ असं सांगितलं आणि अंगणवाडीताईंशी आधी बोलून ठेवलं, तरच ती मुलगी शाळेत येते. नुसतं शिक्षणाचं महत्त्व समजावून ती येत नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गासमोर ‘वडील काय करतात’, ‘वही कुठंय’, ‘उशीर का’ हे प्रश्न नकोत. पाणी भरून, लाकडं आणून मूल येतं, उशीर होणारच. वाचनाचा तास परिपाठानंतर लगेच न ठेवता जेवणाच्या सुट्टीआधी ठेवा, म्हणजे उशिरा आलेल्याचा तो बुडत नाही. शेवटच्या रांगेत टोळीच्या मुलांचा वेगळा घोळका बसवू नका. गावातल्या एका बोलक्या मुलाशेजारी जागा द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचन तपासा. एकेका मुलाला बाजूला घेऊन पाच मिनिटं पुरतात: दहा अक्षरं, दहा साधे शब्द, चार वाक्यांचा उतारा, मग छोटी गोष्ट. जिथं अडलं तिथं थांबा, ‘हेही येत नाही?’ म्हणू नका. रोज एक तास इयत्ता विसरून याच पातळीनुसार गट करा. पाचवीतलं मूल शब्दांवर अडत असेल तर त्याला पाचवीचा धडा देणं म्हणजे त्याचा वेळ चोरणं आहे.

गणितात उलटं दिसतं. तोंडी हिशोब पक्का, लिहिताना घोळ. ‘पंचेचाळीस’ ऐकून मूल 54 लिहितं, कारण शब्दात पाच आधी येतात. ‘एकोणचाळीस’ला 49 लिहितं, कारण कानाला चाळीस ऐकू येतं. हा मूर्खपणा नाही, संख्यानामांची रचनाच तशी आहे. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायला द्या, ‘चाळीस आणि पाच’ असं म्हणू द्या, मग पंचेचाळीस. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं द्या.

घरात गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) किंवा मराठवाडी बोली असेल तर मुलाचं वाक्य आधी जसंच्या तसं फळ्यावर लिहा, खाली पुस्तकी वाक्य लिहा. वरचं खोडू नका. बोलताना टोकलेलं मूल गप्प होतं आणि गप्प मुलाला नेमकं काय येतं हे कळायला मार्ग उरत नाही.

शिक्षकांची तयारी व्याख्यानानं होत नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नव्वद मिनिटं मागून घ्या. शिक्षकांचे तिघा-तिघांचे गट करून भूमिका वाटा: एक शिक्षक, एक उशिरा आलेलं मूल, तिसरा निरीक्षक. पाच मिनिटांचा संवाद. निरीक्षकानं शिक्षकाचं प्रत्येक वाक्य लिहायचं आणि पुढं खूण करायची: हुकूम, जाब, की खरी चौकशी. मग भूमिका बदला. कागद वाचून दाखवले की जाबच किती निघतात हे ज्याचं त्याला दिसतं. कोणी शिकवण चढवायची गरज नसते. उरलेला वेळ वाचन तपासण्याच्या सरावाला. दोन आठवड्यांनी एकमेकांच्या वर्गात वीस मिनिटं बसून या, नाहीतर सवय जुन्या वळणावर जाते.

सगळ्यात जास्त फसतं ते दयेमुळे. ‘बिचारं दमून येतं’ म्हणून अभ्यास माफ केला जातो, प्रश्न विचारले जात नाहीत, आणि पाच महिने मूल नुसतं बसून जातं. दमलेल्या मुलाला दहा मिनिटं डोकं टेकू द्या, पण नंतर वाचायला लावाच. छड्या आणि टोमणे दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17नं बंद केले आहेत, हे सहकाऱ्यांना आठवण करून द्यायला संकोचू नका.

टोळी उठायची तारीख मुकादमाकडून आठवडाभर आधी काढा. शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतरित मुलाची नोंद पुढच्या शाळेपर्यंत नेणारं कार्ड) हजेरी भरा आणि सोबत अर्ध्या पानावर लिहा: वाचनाची पातळी, गणितात कुठं अडतं, काय आवडतं. एक प्रत आईकडे द्या आणि तिच्यासमोरच मूळ गावच्या गुरुजींना किंवा बाईंना फोन लावून हे वाचून दाखवा.