भरलेलं पिस्तूल कमरेला बाळगायचं तर

पहिली दोन वर्षं मी रिकाम्या चेंबरचं पिस्तूल लावून फिरले. मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, भरलेलं; चेंबर, म्हणजे जिथून गोळी सुटते ते नळीच्या बुडाचं घर, रिकामं. वेळ आलीच तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून गोळी चेंबरमध्ये घेऊ, असा हिशोब. मग एकदा रेंजवर मामाने माझ्या डाव्या हातात पाण्याची भरलेली बादली दिली. मॅगझिनमध्ये डमी गोळ्या होत्या. म्हणाला, ‘‘हे तुझं पोर आहे समज. सोडायचं नाही. आता काढ आणि झाड.’’ पिस्तूल काढलं, पण स्लाइड ओढायला हात उरला कुठे? पट्ट्यावर घासून ओढायचा प्रयत्न केला, तर बादली हिंदकळली आणि डमी गोळी अर्ध्यात अडकली. मामा घड्याळाकडे बघत होता, ते वेगळंच.

डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने 1983 साली मांडलं होतं, की धावत येणारा माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. त्या दीड सेकंदात दोन्ही हात मोकळे सापडतील, याची हमी कोण देणार?

तरी चेंबरमध्ये गोळी ठेवायची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. फक्त ती चुकीच्या जागी असते. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, गप्प बसलेलं चांगल्या बनावटीचं पिस्तूल आपणहून उडण्याची शक्यता फार थोडी. घात होतो तो हात लावताना: आत घालताना, भरताना, रिकामं करताना. म्हणून खालचं सगळं हात कमी कसा लावायचा, याबद्दल आहे. परवाना आणि त्यातल्या अटी तुम्ही वाचल्या आहेत, हे धरून चालते. काही ठिकाणी भरलेल्या चेंबरलाच मनाई असते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत घोडा म्हणजे ट्रिगरही आणि मागचा हॅमरही. त्यामुळे ‘घोडा दाबला’ म्हटलं की नेमकं काय केलं ते कळत नाही. मी इथे ट्रिगर आणि हॅमर असंच म्हणणार.

पहिला प्रश्न पिस्तुलाचा. ग्लॉकसारख्या, बाहेर हॅमर नसलेल्या पिस्तुलात आतल्या आत अडसर असतात. ट्रिगर पुरता दाबल्याशिवाय फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी सुई, गोळीपर्यंत पोचत नाही. पण तो ट्रिगर दाबायला साधारण अडीच किलोचाच जोर लागतो. कोल्ट 1911 पद्धतीचं पिस्तूल हॅमर मागे आणि अंगठ्याची सेफ्टी वर, म्हणजे लावलेली, असंच बाळगायचं असतं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्याची रचनाच तशी आहे. डबल ॲक्शन, म्हणजे ट्रिगर दाबला की हॅमर आपणच मागे जाऊन आपटतो अशा, पिस्तुलात हॅमर खाली आणायला डिकॉकरचा खटका असेल तर तोच वापरा. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने हॅमर सोडणं म्हणजे एका घामेजल्या अंगठ्यावर सगळा भरवसा. जुन्या, फायरिंग पिनला अडसर नसलेल्या पिस्तुलांसाठी हा लेखच नाही. 1873 च्या कोल्टसारखं सिंगल ॲक्शन (हॅमर दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो असं) रिव्हॉल्व्हर तर सहा घरांचं असून पाचच गोळ्यांनी बाळगतात, हॅमरखालचं घर रिकामं ठेवून. आणि कंपनीच्या सूचना शोधून बघा: सिग सावरच्या पी 320 मध्ये पडल्यावर गोळी सुटण्याचा दोष समोर आला, तेव्हा 2017 मध्ये कंपनीने त्यात सुधारणा करून द्यायला घेतली होती.

होल्स्टरवर पैसे वाचवू नका. कडक कवचाचं हवं. ट्रिगरचं कडं पुरतं झाकलेलं, इतकं की बाहेरून बोटाने चेपलं तरी ट्रिगर हलता कामा नये. पिस्तूल काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे. रिकामं पिस्तूल आत घालून होल्स्टर गादीवर उलटं झटका. पडलं तर ते होल्स्टर परत करा. वापरून मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत वळते आणि पिस्तूल खाली ढकलताना तीच बोटाचं काम करते. पर्समध्ये किल्ल्या आणि लिपस्टिकच्या सोबतीला सुटं पिस्तूल टाकणाऱ्या बायकांना मी शिकवत नाही. आधी पर्स रिकामी करून या, म्हणते.

आता भीतीचं औषध. दहा दिवस गोळीविना फिरा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा, स्लाइड ओढून सोडा म्हणजे आतली कमान ताणली जाईल, आणि होल्स्टरमध्ये घाला. घरातच वावरा: भांडी घासा, बुटाचे बंद बांधा, सोफ्यावर लोळा. संध्याकाळी पुन्हा चेंबर तपासून, नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाबा. ‘टक्’ वाजलं, म्हणजे दिवसभरात काहीही सुटलं नव्हतं. माझं दहाही दिवस वाजलं. मगच मी पहिली गोळी चढवली. (हे ग्लॉकच्या जातीसाठी. 1911 असेल तर संध्याकाळी सेफ्टी आपोआप खाली तर घसरली नाही ना, ते बघायचं.)

भरताना नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर सरळ. मॅगझिन बसवा, स्लाइड पूर्ण मागे ओढून एकदम सोडा, हाताने हळूहळू पुढे आणू नका. मॅगझिन काढून गेलेल्या गोळीची जागा भरा, परत बसवा, खाली ओढून बसलंय का बघा. मग पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला, होल्स्टर अजून कमरेला लावायचं नाही. ट्रिगर झाकला गेल्यावरच सगळं मिळून कमरेत खोचायचं. पोटाकडे बाळगणाऱ्यांनी तर हे कधीच मोडू नये. नळी कुठे बघत असते ते सांगायला नको.

रेंजवर मात्र कमरेलाच परत घालावं लागतं. तिथे माझ्यावर बेतलं होतं. जॅकेटच्या कडेला आवळायची दोरी होती, टोकाला प्लास्टिकचा मणी. पिस्तूल आत सरकवताना काहीतरी रबरासारखं अडलं. सवयीने जोर लावणार होते, पण हात थांबला. बाहेर काढून पाहिलं तर मणी ट्रिगरच्या कड्यात आणि दोरी ताणलेली. त्या रात्री कात्रीने दोरी कापली. काढायची घाई असते, घालायची कधीच नसते. कपडा दुसऱ्या हाताने वर, मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडात बघायचं, कंबर किंचित पुढे काढायची म्हणजे नळी अंगापासून लांब जाते, बाहेर हॅमर असेल तर त्यावर अंगठा. काही अडलं की पिस्तूल बाहेर.

रिकामं करताना क्रम एकच: आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलंत तर स्लाइड एक गोळी बाहेर फेकते आणि मॅगझिनमधली दुसरी गुपचूप आत घेते, आणि तुम्ही समजता की रिकामं झालं. उडालेली गोळी पडू द्या. स्लाइडमधल्या, गोळी बाहेर पडायच्या खिडकीवर तळहात ठेवून झेलायची हौस नको.

रोज रात्री रिकामं करू नका. मी होल्स्टरसकट कुलपाच्या पेटीत ठेवते. तीच गोळी पुन्हा पुन्हा चढवली की टोकाचं शिसं पितळी कवचात आत दबत जातं, आणि दबलेली गोळी झाडताना दाब भलताच वाढतो. चेंबरमध्ये जाऊन आलेल्या गोळीच्या बुडाला मी मार्करचा ठिपका देते आणि नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघते. आखूड दिसली तर ती झाडायचीही नाही.

संडासात पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्या, पँटसोबत खाली. टाकीवर किंवा खुंटीवर काढून ठेवलेलं विसरलं जातं. आणि कधी निसटलंच, तर झेलायला जाऊ नका. नवं पिस्तूल पडून सहसा उडत नाही, पण हवेत झडप घालणाऱ्या हाताचं बोट नेमकं ट्रिगरवर जातं. मामाच्या पायावर एकदा पडलं होतं. नख काळं पडलं, महिनाभर चप्पल घालून फिरला.