ध्रुवीय समुद्राच्या उष्णतेचा हिशेब : या चुका टाळा

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशांना गोठतं. इतक्या गार पाण्यातून कसली आलीय उष्णता, असं म्हणत, समुद्रातून हवेत जाणारी उष्णता मोजताना बरेच जण सुरुवातीलाच फसतात. वर हवा उणे ३० अंश असेल, तर तेच पाणी हवेपेक्षा २८ अंशांनी गरम आहे! बर्फातल्या भेगांवर धुकं उठतं ते यामुळेच. ताशी ३६ किमी वारा धरला, तर नुसत्या हवेच्या संपर्काने चौरस मीटरमागे सुमारे ६०० वॅट जातात. बाष्पीभवन आणि प्रारण (किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता) मिळवलं की ९००च्या घरात.

सगळ्यात महागात पडते ती सरासरी. उपग्रहाच्या चौकटीत ९८ टक्के बर्फ दिसला की उरलेलं पाणी लोक सोडून देतात. दोन मीटर जाड, हिमाने झाकलेल्या बर्फातून जेमतेम १५ वॅट वर येतात. म्हणजे त्या २ टक्के पाण्याचा वाटा १८ वॅट आणि बाकी सगळ्या बर्फाचा त्याहून कमी. तापमानांची सरासरी काढून मग सूत्र लावू नका. पाणी, कोवळा बर्फ, जाड बर्फ यांचं वेगवेगळं गणित करून शेवटी क्षेत्रफळानुसार बेरीज करा.

उलट आकडा फुगलेला वाटला, तर पाण्याची रुंदी बघा. बर्फावरून आलेली हवा पाण्यावरून जाताना तापत जाते. पलीकडच्या काठालाही उणे ३० धरलंत तर चुकलंच.

हा हिशेब करणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये पाणी उणे ४ अंशांवर उतरलंय? मग गोठण्याची पायरी राहिली. गोठणबिंदूनंतर जाणारी उष्णता बर्फ होण्यातून येते. ९०० वॅटला दिवसाकाठी पाव मीटर बर्फ, आणि वारा तो लोटून देत राहिला तर पाणी उघडंच. गोठताना मागे राहिलेलं मीठ पाणी जड करतं. अंटार्क्टिकातलं भारताचं भारती केंद्र ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, त्याच्या पश्चिमेला केप डार्नलीपाशी असंच पाणी तळाला जातं.

पण प्रत्येक उघडं पाणी वाऱ्यामुळे नसतं. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात १९७४ ते १९७६च्या हिवाळ्यांत सुमारे अडीच लाख चौरस किमी पाणी उघडं राहिलं, ते खालचं उबदार पाणी वर आल्याने. तिथे बर्फनिर्मितीचं वरचं गणित जसंच्या तसं लावलंत, तर नसलेला बर्फ तयार होईल.