सौर शीतकरणात नव्याने येताय? आधी विजेचं मीटर कुठे बसवलंय ते विचारा

इमारतींच्या सौर शीतकरणावर, म्हणजे उन्हाच्या जोरावर इमारती थंड करण्यावर, दोन-चार देश मिळून जे प्रकल्प करतात, त्यांत काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बहुतेक जण मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चर शिकून आलेले असतात. म्हणून ॲबसॉर्प्शन चिलर, म्हणजे मुख्यतः उष्णतेवर थंडावा देणारं यंत्र, कसं चालतं आणि लिथियम ब्रोमाइडचं त्यात काम काय, यात मी शिरत नाही. मी सांगणार आहे ते सहसा कुणी शिकवत नाही, आणि त्यातच मी सुरुवातीला कितीतरी महिने अडकून पडले होते.

काम साधं वाटणारं होतं. वेगवेगळ्या देशांतल्या चालू संयंत्रांची कामगिरी एका तक्त्यात मांडायची आणि त्यावरून वास्तुविशारदांसाठी मार्गदर्शिका तयार करायची. सगळ्या भागीदारांनी आकडे वेळेवर पाठवले. ‘सीओपी’च्या, म्हणजे खर्चलेल्या एक युनिट ऊर्जेमागे किती युनिट थंडावा मिळाला याच्या, रकान्यात एकाकडून आलं ०.७, दुसऱ्याकडून ९, तिसऱ्याकडून ३. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पहिल्याने मिळालेल्या थंडाव्याला चिलरला दिलेल्या उष्णतेने भागलं होतं. दुसऱ्याने भागलं होतं विजेने, पण फक्त सौर बाजूच्या पंपांच्या. तिसऱ्याने कूलिंग टॉवरच्या (यंत्राची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याच्या) पंख्यासकट झाडून सगळी वीज धरली होती. या तीन आकड्यांची सरासरी काढणारा अहवाल छापून निघाला असता, तर पुढची काही वर्षं लोक तो आधार म्हणून वापरत राहिले असते.

हे नीट समजून घ्या, म्हणून उदाहरण सविस्तर करते. ३५ किलोवॅटचा सिंगल-इफेक्ट, म्हणजे दिलेली उष्णता एकदाच वापरणारा, चिलर घ्या. औष्णिक सीओपी ०.७ म्हणजे त्याला ५० किलोवॅट उष्णता द्यावी लागते, साधारण ७५ ते ९५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यातून. आता इमारतीतून काढलेले ३५ आणि उन्हाचे ५०, असे ८५ किलोवॅट बाहेर फेकावे लागतात. तितकाच थंडावा देणाऱ्या, सीओपी ४ असलेल्या कंप्रेसर यंत्राला जेमतेम ४४ फेकावे लागतात. म्हणजे तुमचा कूलिंग टॉवर जवळपास दुप्पट मोठा, त्याचा पंप मोठा, पंखा मोठा, आणि हे सगळं विजेवर. समजा पंप-पंखे मिळून ३.५ किलोवॅट खातात. पूर्ण भारावर विजेच्या हिशेबाने सीओपी १० आला, उत्तम. पण ढगाळ दुपारी चिलर १२ किलोवॅटच देतोय आणि पंप मात्र एकाच गतीने फिरताहेत, तेव्हा तोच आकडा साडेतीनच्या खाली जातो. त्या क्षणी सूर्यावर चालणारं संयंत्र साध्या एसीपेक्षा जास्त वीज खात असतं. गती बदलता येणारे पंप आणि शहाणं नियंत्रण ही चैन नव्हे, संयंत्राचं अस्तित्व त्यावर आहे.

गॅस बॉयलरच्या बॅकअपचंही तसंच. ऊन नसताना चिलरला बॉयलरने उष्णता दिली, तर एक युनिट थंडाव्यासाठी सुमारे १.६ युनिट गॅस जळतो. कंप्रेसरला पाव युनिट वीज पुरते, आणि ती ४० टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रातून आली तरी इंधन जातं ०.६२५ युनिटाच्या आसपास. म्हणून सिंगल-इफेक्ट चिलरला बॅकअप थंड बाजूने (कंप्रेसरने) द्या, गरम बाजूने (बॉयलरने) नको. हे वाक्य मी प्रत्येक बैठकीत म्हणते आणि म्हणत राहणार.

पाण्याकडेही बघा. ओल्या टॉवरमध्ये एक किलोवॅट-तास उष्णता जवळजवळ दीड लिटर पाणी उडवते. वरच्या हिशेबात प्रत्येक किलोवॅट-तास थंडाव्यामागे साडेतीन लिटरच्या आसपास पाणी जातं. पाणी टंचाईच्या जागी हा आकडा लपवून प्रचार करणं म्हणजे पुढच्या दहा जणांसाठी दार बंद करणं.

एवढं वाचून घाबरू नका. ही गुंतागुंत आधीच कुणीतरी सोडवलेली आहे. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीचा सोलर हीटिंग अँड कूलिंग कार्यक्रम १९७७ पासून चालू आहे. त्यातलं काम ‘टास्क’ नावाच्या ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांत चालतं. टास्क ३८ ने (२००६ ते २०१०) संयंत्रांचं मोजमाप एकाच पद्धतीने कसं करायचं ते बसवलं, टास्क ४८ ने गुणवत्तेवर काम केलं, टास्क ५३ ने सौर विजेवरच्या शीतकरणालाही सामावून घेतलं, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या टास्क ६५ ने २० ते ४० अक्षांशांमधल्या उन्हाळी पट्ट्याकडे मोर्चा वळवला. सीमारेषा कुठे आखायची, मीटर कुठे लावायचं, याची उत्तरं तिथे मिळतात. सामंजस्य करारावर सह्या होण्याआधी सगळ्या भागीदारांकडून एकच मापनपद्धत मान्य करून घ्या. सह्या झाल्यावर कुणी मीटर बदलत नाही, कारण त्या खर्चाला अंदाजपत्रकात जागाच नसते.

दुसरा मुद्दा हवामानाचा. ओला टॉवर पाण्याला वेट बल्ब तापमानाच्या (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या, दमट हवेत चढ्या राहणाऱ्या तापमानाच्या) जवळपासच नेऊ शकतो, त्याखाली नाही. कोरड्या प्रदेशात छान चाललेलं संयंत्र दमट किनाऱ्यावर नेलं, की कूलिंगचं पाणी गरम परत येतं आणि चिलरची क्षमता घसरते. हवेतली ओल शोषून घेणाऱ्या डेसिकंट प्रणालीचंही तेच: समशीतोष्ण हवेसाठी बेतलेली साधी मांडणी दमट उष्ण हवेत पुरत नाही. त्यामुळे ‘यशस्वी नमुना इकडून तिकडे नेऊ’ असं अर्जात लिहिलेलं दिसलं, की मी आधी तिकडचा वेट बल्ब विचारते.

‘छतावर सौर पॅनेल लावून साधा एसी का नको?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच सभेत येईल. प्रामाणिक उत्तर द्या. लहान घरासाठी बहुतेक वेळा तेच बरं. पॅनेलच्या किमती २०१० नंतर कोसळल्या आहेत. औष्णिक सौर शीतकरणाची जागा वेगळी आहे: रुग्णालयं, हॉटेलं, वसतिगृहं, जिथे वर्षभर गरम पाणी लागतं आणि उन्हावर पाणी तापवणारे कलेक्टर थंडीतही रिकामे तापत बसत नाहीत. प्रचार म्हणजे सगळ्यांना एकच यंत्र विकणं असं मानणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. उन्हावर थंडावा निर्माण होतो हे सिद्ध करणं आपलं काम नाहीच. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑग्युस्तँ मूशो यांनी सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून दाखवला होता. प्रकल्प संपल्यावर, निधी थांबल्यावर, त्या छतावरच्या संयंत्राची देखभाल कोण करणार, हे लिहून घेणं आपलं काम आहे.

आता कोर्सबद्दल. आठवड्याभरात सिम्युलेशन शिकवणारे कोर्स करू नका असं नाही, पण सॉफ्टवेअरमधला पंप कधीच गळत नाही आणि त्यातल्या पंख्यावर क्षार साचत नाहीत. मोठ्या नावाच्या मार्गदर्शकाच्या मागे धावण्यापेक्षा चालू संयंत्राच्या मशीन रूममधला ऑपरेटर गाठा. माझ्या मते या क्षेत्रातलं खरं शिक्षण तिथेच होतं. चिलरचा भार पंचवीस टक्क्यांवर आला की तो नेमकं काय बंद करतो, हातानेच करतो का, हे विचारा. दुपारी एकनंतर गरम पाणी साठवणाऱ्या टाकीत वरच्या आणि खालच्या थरात किती अंशांचा फरक राहतो ते बघा. इमारतीचा भार उन्हाच्या माथ्यानंतर काही तासांनी चढतो, त्यामुळे टाकीचा आकार तिथल्या तिथे कळतो.

भाषेची, देशाची भीती बाळगू नका. हे वर्तुळ लहान आहे आणि लोक उत्तरं देतात. फक्त मेल नेमका लिहा. ‘मला या विषयात रस आहे’ एवढ्याने कुणी बोलत नाही. संयंत्राचा आराखडा मागा, त्यावर उष्णता आणि विजेची मीटरं कुठे आहेत याच्या खुणा करून मागा, आणि एका उन्हाळी आठवड्याची मिनिटागणिक नोंद मागा. वार्षिक सरासरी पाठवली तर आभार मानून पुन्हा तेच मागा. नोंद हातात आली, की सर्वांत आधी रात्रीचे तास काढून बघा: चिलर बंद असताना कोणते पंप चालू आहेत.