साप जेवत नाहीये? उंदीर नंतर, आधी थर्मामीटर बघा

गेल्या डिसेंबरात आमच्या बर्फीने, म्हणजे माझ्या बॉल पायथनने (आफ्रिकेतला एक लहान अजगर), सात आठवडे काही खाल्लं नाही. मी पार हवालदिल झालो होतो, दर दोन दिवसांनी उंदीर गरम करून समोर धरायचो, ती मान फिरवायची, की मी अजून घाबरायचो. सारखं सारखं समोर धरणं हीच मोठी चूक होती हे नंतर कळलं. तुमचा साप आत्ता उपाशी असेल तर हे नीट वाचा.

पहिलं काम वजन. किचनमध्ये असतो तसला डिजिटल काटा सापासाठी वेगळा आणा, झाकणाच्या डब्यात ठेवून वजन करा, डब्याचं वजा करा, वहीत लिहा. बर्फी १,२४० ग्रॅम होती, सात आठवड्यांनी १,१८० भरली, म्हणजे पाच टक्केसुद्धा उतरली नव्हती आणि मी उगाच रात्री जागवत होतो. मोठा, अंगाने भरलेला बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो, थंडीत नर तर बऱ्याचदा खाणं सोडतात. पण वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं किंवा पाठीचा कणा वर दिसायला लागला तर वाट बघू नका. पिल्लाला एवढी मुदत नसते, त्याचे तीन-चार वेळचे खाडे झाले की डॉक्टरला फोन करा.

आता खरी गोष्ट, तापमान. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही आणि अंग गार असलं तर पोटात गेलेलं पचत नाही, मग तो खाणारच कशाला. टाकीची गरम बाजू ३१ ते ३३ डिग्री, गार बाजू २५ ते २७. मुंबईत आपल्याला वाटतं इथे कसली थंडी, पण जानेवारीत पहाटे खिडकी उघडी असली की खोली चांगली गार पडते आणि मे महिन्यात रात्रभर एसी २३ वर असतो त्याचंही तेच. आमच्याकडे काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर ३० दाखवत होता, पण बर्फी जिथे वेटोळं घालून बसते तिथे खाली जमिनीला वायरवाला डिजिटल थर्मामीटर लावला तर २६! टाकी गरम करणारी मॅट चालू-बंद करतो त्या थर्मोस्टॅटचा सेन्सर सरकून मॅटच्या अगदी मधोमध जाऊन चिकटला होता, त्याला वाटायचं बास झालं गरम आणि तो मॅट बंद करायचा. सेन्सर जागेवर आणून टेपने पक्का केला. मॅट थर्मोस्टॅटशिवाय मात्र कधीच लावू नका, पोट भाजतं.

मग लपायची जागा. दोन हव्यात, एक गरम बाजूला एक गार बाजूला, आणि अंग टेकेल इतक्या घट्ट. छोट्या घरात टाकी हॉलमध्ये टीव्हीशेजारीच असते, तर निदान तिन्ही बाजूंनी कागद लावा. गणपतीत खाली ढोल-ताशा चालू असताना खायला देऊच नका, साप ती थरथर अंगाने ओळखतो. डोळे दुधाळ निळसर झालेत म्हणजे कात यायची आहे, तेव्हाही थांबा.

हे सगळं जुळल्यावर आठवडाभर हातच लावू नका. मग रात्री, दिवे मंद करून एकदा द्या. फ्रोझन उंदीर फ्रीजमध्ये रात्रभर सुटू दे, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, मायक्रोवेव्ह नाही. बॉल पायथनच्या ओठांवर खळगे असतात, त्यांनी तो ऊब ओळखतो, म्हणून उंदराचं डोकं हाताला चांगलं कोमट लागलं पाहिजे. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, जास्त नको. लांब चिमट्याने धरा, हळूच हलवा, नाकावर आपटू नका. घेतला नाही तर काढून टाका आणि परत दहा दिवसांनी.

बिल्डिंगमधला उंदीर पकडून कधीही देऊ नका, त्याने औषध खाल्लेलं असू शकतं आणि जंत असतात ते वेगळेच. जिवंत उंदीर सापाला कुरतडतो, जखमा वाईट होतात. चिकनचे तुकडे नकोत, त्यात हाडं-अवयव नसतात. नागपंचमीला कोणी मायेने दूध पुढे केलं तरी नाही म्हणा, साप दूध पचवू शकत नाही. आणि जबडा उघडून कोंबणं घरी करू नका.

नाकातोंडाला बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, हिरड्यांवर पिवळट घाण, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके म्हणजे माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), यातलं काही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा, कुत्रा-मांजरवाल्या प्रत्येकाला हे जमत नाही. परदेशी साप असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. आपल्याकडची धामण, अजगर वगैरे घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, ते करू नका.

बर्फीने घेतला तो रात्री साडेअकराला. आधी जीभ जलद जलद, मग एकदम थांबली, मान इंग्रजी एससारखी मागे ओढली आणि झडप. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ४८ तास टाकीला हात लावला नाही, पुढचा उंदीर मुद्दाम एक साइज लहान दिला.