कमी पैशात घोटा सांभाळणारे बास्केटबॉलचे बूट

रनिंगच्या बुटांवर बास्केटबॉल खेळून मी एकदा घोटा मुरगळून घेतला, तीन आठवडे लंगडत होतो. ते बूट सरळ पळायला बनवलेले. आडवं वळलं की पाय कलंडतो.

तेव्हापासून सोलापूरच्या नवी पेठेत बूट घ्यायला गेलो की दुकानदार वैतागेपर्यंत तपासतो. आधी टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबायचा. सहज आत गेला तर बूट खाली ठेवायचा. मग टाच आणि चवडा धरून ओलं फडकं पिळतात तसा पिळायचा. मधेच वळला तर नको. वाकायला हवा तो फक्त चवड्यापाशी. उंच गळ्याला पोरं भुलतात, पण आत टाच सैल असेल तर ती उंची शोभेचीच.

आम्ही खेळतो ते कोर्ट सिमेंटचं, वर सोलापूरचं ऊन. तळ कडक रबराचा अन् खाचा खोल हव्यात; मऊ तळ बघता बघता गुळगुळीत होतो.

संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. खेळायचे मोजे घालूनच माप बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. अन् गेल्या वर्षीचं, न खपलेल्या रंगाचं मॉडेल मागा, स्वस्तात पडतं. माझे त्यामुळेच पोपटी आहेत.